काचेच्या तळ्यातला देवमासा

"माझी ताई बुडाली, त्याच दुपारी पुन्हा खेळ कसा लागला?"

एका राज्यात धाकू नावाचा तरुण कोळी हा प्रश्न विचारत फिरला. द्वारपालाला विचारलं, प्रधानाला विचारलं, थेट राजालाही विचारलं.

त्या राज्याच्या मांत्रिकाने एकदा समुद्राचा तुकडा कापून राजवाड्यासमोर, समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या माथ्यावर, काचेत कोंडला होता. त्या तुकड्यात देवमाशाचं पिल्लू सापडलं. पाठ काळीभोर, पोट शंखासारखं पांढरं. त्या दिवसापासून किनाऱ्याला भरती आली नाही. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडून राहिला, होड्या वाळूत रुतल्या. राजाने तिकडे पाहिलं नाही. पिल्लू हत्तीहून मोठं झालं, उड्या मारू लागलं, रयत टाळ्या वाजवू लागली.

उड्या शिकवल्या त्या धाकूच्या बहिणीने, चांगुणेने. एके दिवशी देवमाशाने तिची वेणी दातांत धरली आणि तिला तळाशी नेलं. लोकांना तोही खेळच वाटला. टाळ्या थांबल्या नाहीत.

सगळ्यांना विचारून झाल्यावर धाकू भाला घेऊन तळ्याकडे धावला. काचेच्या कडेवर समुद्रावरचा कुरव पक्षी बसला होता.

"मार की," कुरव म्हणाला. "पण आधी तीन कामं कर. तळ्यात पोहून बघ. त्याच्यासारखा जेव. मग समुद्रावर जाऊन ऐक."

"तू कोण सांगणारा, पाखरा?"

"त्याचा शेजारी. भाला काय, संध्याकाळीही तेवढाच धारदार असेल."

धाकूने उडी घेतली. हात मारतो न मारतो तोच काच लागली. वळला, पुन्हा काच. देवमासा शेजारून गेला. शेपटीच्या एका फटक्यात त्याचं सगळं जग संपत होतं.

मग धाकू काठावर जेवायला बसला. देवमाशाला चारणाऱ्या राखणदाराने मासळी उंच धरली. "उडी मार, मग घास." धाकूने मारली. "वा रे गड्या! आता गोल फिर." धाकूला घास गिळवेना.

शेवटी तो बंदरावर गेला. कोळी मासळीचा थवा ऐकायला वल्हं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावतात, तसा त्याने लावला. खालून हाक आली. एकच हाक, पुन्हा पुन्हा. दूर पाण्यातून देवमाशाच्या पाठीवरचा दाराएवढा काळा पर वर आला. पिल्लाची आई तिथेच होती. ती कधी गेलीच नव्हती.

धाकू ढसाढसा रडला. घरी त्याची आईही चांगुणेला अशाच हाका मारत होती.

तो परतला, भाला उचलला. राजा सज्जातून ओरडला, "शाब्बास! मार त्या खुन्याला. उद्या दुसरा आणू!"

धाकूने भाला काचेवर हाणला.

"अरे वेड्या, तुझ्या बहिणीला त्याने मारलं!"

"मारलं, महाराज. मी त्याला माफ केलेलं नाही. पण ही काच त्याने नाही बांधली."

मंत्राची काच दुसऱ्या घावाला तडकली, तिसऱ्याला फुटली. कोंडलेलं पाणी पायऱ्यांवरून धावत समुद्राला मिळालं. देवमासाही पाण्याबरोबर खाली आला, पण शेवटच्या पायरीशीच थांबला. तिकडून आई हाक मारी आणि हा तोंड उघडून मासळीची वाट पाही.

राजा हसला. "बघ, त्याला जायचंच नाही!"

धाकू कमरेइतक्या पाण्यात उतरला. रोज खेळ संपला की चांगुणा दोन्ही तळवे पाण्यावर टेकवायची. त्याने तसेच टेकवले.

"झालं रे. जा आता."

देवमासा वळला. दूरच्या पराशेजारी दुसरा पर दिसला आणि समुद्र हलला. होड्या उचलल्या गेल्या. पाणी धाकूच्या छातीपर्यंत चढलं, गळ्यापर्यंत चढलं. दोन्ही पर दिसेनासे होईपर्यंत त्याने तळवे उचलले नाहीत.