आंधीतले मडके

जमनाबाईची पाणपोई उठली, तर शेठ हुकमीचंदांचा फायदा उघड होता. मारवाडच्या वाळूत वसलेल्या तपेरा गावाच्या वेशीवर एकच शमी, एकच सावली. तिथे त्यांना वडिलांच्या नावाची संगमरवरी पाणपोई बांधायची होती. पुण्य पदरात आणि नाव दगडात! आड येत होती एक विधवा आणि तिचे एक मडके.

गोदाकाठाहून फिरत आलेले सहजनाथ महाराज त्या उन्हाळ्यात याच शमीखाली उतरले होते. जमनाबाई दूरच्या विहिरीवरून पाणी आणी, वाटसरूंना पाजी आणि उरल्या वेळात महाराजांचे नाम घेई.

गावचा रिवाज असा, की पाणपोईचे मडके दिवसाउजेडी कोरडे आढळले तर जागा सोडायची. शेठजींनी तो पंचांकडून पुन्हा वदवून घेतला. मडके कोरडे पडणार नाही, एवढेच जमनाबाई म्हणाली.

"ऐका पंचहो! ही आता मला पाणी पाजणार," शेठजी म्हणाले. पंच त्यांच्याच ओसरीवर बसले होते, तेव्हा तेही हसले.

मग वाळूची आंधी सुटली ती थांबेना. विहिरीची वाट बुजली. आज मडके नक्की कोरडे, असा अंदाज बांधून शेठजी स्वतःच साक्षीला निघाले. घाईत पाणी घ्यायचे राहिले आणि पायाखालची वाट वाळूत हरवली. भटकत भटकत ते शमीखाली येऊन कोसळले, तेव्हा घशातून शब्द फुटत नव्हता.

जमनाबाईने मडक्यात पाहिले. तळाशी पेलाभर पाणी होते.

"महाराज, हे दिलं तर पाणपोई जाईल."

महाराज म्हणाले, "आणि नाही दिलंस, तर ती आत्ताच गेली."

तिने मडके पेल्यात उपडे केले आणि पेला शेठजींच्या ओठांना लावला. "घ्या शेठजी. पाणी पाजतेय."

शेठजींना तरतरी आली. आणि मूळ स्वभाव जातो कुठे? ते लगेच मडक्याचा तळ पाहायला वाकले. तळ दिसेना! काठोकाठ पाण्यात त्यांचाच धुळीने माखलेला चेहरा हलत होता.

त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. वर पाहतात, तो महाराजांचे ओठ तडकून रक्ताळलेले. आंधी सुटल्यापासून महाराजांनी पाण्याला स्पर्श केला नव्हता. आपला वाटा ते मडक्यातच राहू देत होते.

शेठजींनी पेला भरून त्यांच्यापुढे धरला. पुढे त्या सावलीत संगमरवर आला नाही. विहिरीच्या वाटेवरची वाळू मात्र शेठजी स्वतः उपसू लागले.

पाजले जमनाबाईने, प्यायले शेठजी. भरले महाराजांनी.