गेनूने फरशी मोजली

एका गावात गेनू नावाचा एक भोळा तरुण होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. त्याच्या आईला हीच मोठी काळजी होती.

गेनूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी कौसल्या, शेजारच्या गावची. तिचं म्हणणं एकच होतं. मातीची जमीन रोज सारवत बसणार नाही, खोलीत फरशी दिसली तरच हो म्हणेन. सोमवारी ती घरच्यांना घेऊन फरशी बघायला येणार होती. गेनूच्या मनात तर कौसल्या भरलेलीच होती. तो तडक दुकानात गेला आणि एका खोलीची फरशी मागू लागला. दुकानदाराने विचारलं, खोली केवढी? गेनू म्हणाला, मी आणि आई मावतो. दुकानदाराने त्याला परत पाठवलं.

आईने समजावलं, "बाळा, आधी मोजायचं, मग आणायचं."

गेनूने ते पक्कं लक्षात ठेवलं. आईने कोंडाजी गवंड्याला आणायला सांगितलं, तेव्हा तो सुतळी घेऊनच गेला. कोंडाजी दारात दात घासत उभा होता. गेनूने त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं, सुतळीला गाठ मारली आणि म्हणाला, "चला मामा."

मग गेनूने खोली मोजली, फरशी आणली. ती निम्म्यातच संपली. खाट आणि धान्याची कणगी यांना वळसा घालून त्याने माप घेतलं होतं. कोंडाजी म्हणाला, "अरे, सामान उचलून खालचंही धरायचं असतं."

तेही लक्षात राहिलं. सोमवारी जेवायला भावकीतली किती माणसं येतील, ते बघून यायला आईने पाठवलं. चुलते बाजेवर झोपले होते. गेनूने त्यांना अलगद उचलून भुईवर ठेवलं आणि बाजेखाली वाकून पाहिलं. चुलते काठी शोधू लागले.

"काका, खालचं धरलं नाही की कमी पडतं," गेनूने त्यांची समजूत घातली.

उरलेली फरशी त्याने अगदी नेमकी आणली. उंबऱ्याजवळ कापताना एक फुटली.

"लागते तेवढीच मागू नये रे," कोंडाजी म्हणाला. "तुटफुटीला एक जास्त मागून घ्यावी. जुनी, टवका उडालेली असली तरी चालते. कोपऱ्यात बसवता येते."

गेनूने तशी एक आणली. खोली पुरी झाली. आईने बजावलं, उद्या कुणाला मोजू नकोस आणि कुणाला उचलू नकोस.

सोमवारी कौसल्या आली. अनवाणी खोलीभर फिरली. खाटेखालीसुद्धा वाकून पाहिलं आणि वडिलांकडे बघून मान हलवली. गेनूने कुणाला मोजलं नाही. कुणाला उचललं नाही. आईचा जीव भांड्यात पडला.

कौसल्याचे वडील म्हणाले, "आमच्या पोरीचं ठरलं. तुमचं काय, जावईबापू?"

गेनूने सगळ्या पाहुण्यांकडे नीट पाहिलं. भिंतीशी कौसल्याची आजी बसली होती. तिच्या तोंडात एकच दात होता.

"मुलगी पसंत आहे," गेनू अदबीने म्हणाला. "पण नेमकी एकच कशी मागू? तुटफुटीला ही आजीही द्या. टवका उडालाय, पण चालेल. कोपऱ्यात बसवू."