बिरूबाची सेंद्रिय वांगी

एका गावात एक भोळा बिरूबा होता. बायको सांगेल ते शब्दन् शब्द पाळायचा. घोडं अडायचं ते तिथंच.

बायकोनं, आनसानं, यंदा हट्टानं फवारणी बंद केली. शेणखत घातलं, तण खुरपलं, वांग्यावरच्या अळ्या वेचून डब्यात टाकल्या. कंबर पार कामातून गेली बिचारीची.

"चांगला भाव मिळाला तर ठीक," ती म्हणाली, "नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा विषाचा पंप पाठीवर."

बिरूबा वांगी घेऊन बाजारात बसला.

"शेजारी वीसला किलो, तुझी चाळीसला कशी?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"बायकोनं सांगितलंय."

टोपली तशीच घरी आली. आनसानं कपाळावर हात मारला. "अहो, किडकं वांगं दाखवायचं! म्हणायचं, किड्यानं खाल्लं, म्हणजे विष नाही."

"बरं."

पुढच्या बाजारी ज्वारी नेली. बिरूबानं मूठ पुढं केली. "बघा, दाण्यातले टोके किडे कसे तुरुतुरु चालतायत! विष असतं तर चालले असते?"

गिऱ्हाईक पळालं.

"अहो, माल चाळून न्यावा!"

"बरं."

पुढच्या बाजारी टोमॅटो होते. बिरूबानं चाळले. जोर लावून चाळले. वर सालं राहिली, खाली रस.

मग वांग्यांचा पुढचा तोडा आला. आनसानं नवऱ्याला समोर बसवलं. "नीट ऐका. आपला माल महाग का? लोक एकदा फवारतात, सुटतात. मी एकेक अळी हातानं वेचते. पैसे मागायचे ते त्या वेचण्याचे. कळलं?"

"कळलं की!" या खेपेला त्याला खरंच कळलं होतं.

संध्याकाळी बिरूबा शीळ घालत परतला. आनसा दारातच उभी.

"वांगी खपली?"

"वांगी म्हशीला घातली."

"काय?"

"अगं, वांगी तू नुसती तोडलीस. वेचल्यास त्या अळ्या! डबा घेऊन गेलो. चाळीसला एक डबा."

"कोण घेणार हो त्या?"

"एक कोंबडीवाला आला होता. म्हणाला, एवढ्या महाग का? मी म्हटलं, सेंद्रिय वांगी खाऊन वाढल्यात. पटलं त्याला! फक्त म्हणाला, बारीक आहेत, जरा पोसून आण."

"मग? डबा कुठाय?"

"हा काय, रिकामा. येता येता सगळ्या वांग्याच्या झाडांवर सोडून आलो."