राहिलेल्या गोळ्या

एका गावात रंगनाथ नावाचा एक विणकर होता. माणूस भारी शिस्तीचा. हातमागावर रोज एक वीत पैठणी विणायची म्हणजे विणायची. एखादा दिवस कामाविना गेलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन विती विणून तो भरून काढायचा. "आपलं काही राहत नाही," असं तो ऊर भरून सांगे, आणि गावही मान डोलावी. इथवर सगळं ठीक होतं.

पण पुढे त्याला साखरेचा आजार जडला. रोज सकाळी एक गोळी आणि लगेच न्याहारी, असं डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला बजावून सांगितलं. रंगनाथने तेही शिस्तीत धरलं. मग झालं काय, मित्राच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस एकटाच गेला आणि गोळ्या घरीच फडताळात राहिल्या. परतल्यावर सकाळी बघतो तर त्या दोन दिवसांच्या दोन गोळ्या तशाच शिल्लक! हा कसला स्वस्थ बसतो? एक आजची, दोन राहिलेल्या, अशा तीन गोळ्या त्याने एकदम गिळल्या. विणकामही दोन दिवसांचं राहिलं होतं ना! न्याहारीचं नंतर बघू म्हणत तो तसाच मागावर बसला.

थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर घाम आला. बोटं थरथरायला लागली. पदरावरचा मोर डोळ्यांपुढे हलायला लागला. छाती अशी धडधडत होती की मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाजही ऐकू येईना. रंगनाथ मनातून चरकला. हे त्या गोळ्यांचंच, हे त्याला कळलं. पण सांगायचं कसं? सगळ्या गावाला शिस्त शिकवणारे आपण! बायको काय म्हणेल? होईल बरं, असं स्वतःला समजावत तो आणखी चार धागे वेडेवाकडे विणत राहिला.

बायको अनसूया न्याहारीला बोलवायला आली आणि त्याला पाहून हबकलीच.

"अहो, काय होतंय? अंग किती गार पडलंय!"

"काही नाही गं. उकडतंय जरा."

"उकडतंय कसलं! लग्नात जिलब्या हाणल्या असतील. साखर वाढली असणार. आजची गोळी घेतलीत का?"

 रंगनाथ नजर चुकवून मागावरचे धागे चाचपू लागला. अनसूयेला वाटलं, विसरले. ती धावत जाऊन गोळी आणि पाणी घेऊन आली. गोळी त्याच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "घ्या बघू आधी."

चौथी गोळी!  नाही म्हणावं तर सगळं सांगावं लागणार. सांगितलं नाही तर गिळावी लागणार. त्याने हात तोंडापर्यंत नेलाही. समोर अनसूया डोळ्यांत प्राण आणून बघत होती. ही गिळली तर आपलं काही खरं नाही, हे उमजून त्याने हात खाली घेतला.

"अगं, तीन घेतल्यात," तो कसाबसा बोलला. "राहिलेल्या धरून. आणि पोटात अन्नाचा कण नाही."

"अगं बाई!" अनसूयेने गोळी हिसकावून फेकून दिली. गोळी जास्त आणि पोट रिकामं असलं की साखर उतरते, तेव्हा लगेच गोड द्या, हे डॉक्टरीणबाईंचं सांगणं तिला आठवलं. रागवायला वेळ नव्हता. पाण्यात चार चमचे साखर ढवळून तिने ते त्याला घोट घोट पाजलं आणि शेजाऱ्याच्या रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला ठेवून घेतलं. पुन्हा पुन्हा साखर तपासली. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना त्या म्हणाल्या, "वेळेवर सांगितलंत म्हणून वाचलात. राहिलेली गोळी राहिली. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. शंका आली तर मला विचारायचं."

घरी आल्यावर रंगनाथ मागापाशी गेला. ते वेडेवाकडे धागे तसेच होते. तो निमूटपणे उसवायला बसला. अनसूया शेजारी उभी होती.

"हे बरं, उसवता तरी येतं," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

त्या दिवशी रंगनाथने एकच वीत विणली. राहिलेलं त्याने राहू दिलं.

तात्पर्य: राहिलेलं औषध दुप्पट घेऊन भरून काढू नये, आणि चूक झालीच, तर लाज न धरता लगेच सांगावी, कारण लपवलेली चूक जिवावर बेतते.