वीस काड्यांचा मुक्काम

फार फार जुन्या काळी, समुद्रापलीकडे, जिथे सूर्य सगळ्यांच्या आधी उगवतो त्या देशात, देवळांचे एक नगर होते. लहानमोठी मिळून तीनशे देवळे! काहींची छपरे सोन्याने मढवलेली, काहींची नुसत्या शेवाळाने.

त्या नगराचा एक रिवाज होता. वेशीवर एक म्हातारा द्वारपाल बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "किती दिवस?" पाहुणा सांगेल तितक्या बांबूच्या काड्या तो मोजून हातावर ठेवायचा. रोज संध्याकाळी धर्मशाळेच्या चुलीत एक काडी टाकायची. शेवटची काडी जळली, की दुसऱ्या सकाळी नगर सोडायचे. काड्या वाढवून मिळत नसत, मग राजा येवो की रंक.

त्या नगरापासून आठ दिवसांच्या वाटेवर, उंच डोंगरात, एक कागद करणारा आपल्या बायकोबरोबर राहत असे. झाडाची साल कुटून, तिचा लगदा करून तो कागदाचे ओले ताव काढायचा. ते ताव लांब फळ्यांवर चिकटवून उन्हात वाळवायचे काम बायकोचे. कागद चांगला होतो तो थंडीत, म्हणून सगळे काम हिवाळ्यात चाले. खाली पांढरे बर्फ, समोर पांढरे ताव आणि वर ऊन. चाळीस हिवाळे ती त्या झगझगाटाकडे बघत उभी राहिली.

शेवटी तिचे डोळे थकले. वैद्याने पापण्या उघडून पाहिल्या आणि हलक्या आवाजात सांगितले, "फार तर यंदाचं बर्फ पडेपर्यंत दिसेल. पुढचं काही सांगता येत नाही."

डोळे तिचे जाणार होते, पण ते आपल्या कागदापायी, हे कागद करणाऱ्याला कुणी सांगायला नको होते.

"तुला काय बघायचंय?" त्याने विचारले. "काय वाटेल ते सांग."

बायको म्हणाली, "आपला कागद दरवर्षी त्या देवळांच्या गावाला जातो. मी वाळवते, बैलावर लादला की हात जोडते, आणि संपलं. पुढे त्याचं काय होतं, ते कधी बघितलंच नाही. तेवढं एकदा बघायचंय."

"एवढंच ना? अगं, सगळं नगर दाखवतो तुला! एकही देऊळ सोडणार नाही!"

आता हा माणूस मनाचा सोन्यासारखा, पण त्याला एक खोड होती. त्याला सगळे मोजायची सवय. ज्या दिवशी दोनशे ताव निघाले तो दिवस चांगला, दीडशे निघाले तर वाया गेला. चाळीस वर्षे दिवस असेच मोजलेल्या माणसाने देवळेही तशीच मोजली, तर नवल ते काय? त्याने आपल्याच कागदाच्या लांब गुंडाळीवर तीनशे देवळांची नावे लिहून घेतली आणि वाटेत हिशेब केला. रोज पंधरा देवळे धरली तर वीस दिवस. एकविसाव्या दिवशी निघालो, तर बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत घरी.

वेशीवर द्वारपालाने विचारले, "किती दिवस?"

"तीन पुरेत," बायको म्हणाली.

"तीन?" कागद करणारा जवळजवळ ओरडलाच. "तिचं ऐकू नका बाबा. वीस द्या!"

द्वारपालाने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा तिच्या डोळ्यांकडे. मग त्याने वीस काड्या मोजून दिल्या.

झाले! पहिल्या दिवसापासूनच कागद करणाऱ्याच्या पायाला भिंगरी लागली. पहाटे उठायचे, बायकोचा हात धरायचा आणि निघायचे. "हे बघ, कमळांचं तळं. बघितलंस? चल." "ही बघ, मोठी घंटा. बघितलीस? चल, चल." प्रत्येक देवळाच्या दारात तो कोळशाने यादीवर रेघ मारायचा. देवही बिचारे विचारात पडले असतील, की ही माणसे दर्शनाला आली होती की तोंड दाखवायला.

बायको म्हणायची, "अहो, जरा बसू या का?"

"बसू गं, संध्याकाळी बसू. अजून चार राहिलीत."

संध्याकाळी धर्मशाळेत ती भिंतीला टेकायची ती टेकल्या जागीच झोपायची. तो तिच्या अंगावर पांघरूण घालायचा, चुलीत काडी टाकायचा आणि समाधानाने यादी बघायचा. हिच्यासाठी आपण केवढे करतो आहोत, या विचाराने त्याचे डोळे भरून यायचे. त्यात खोटे काहीच नव्हते.

नवव्या दिवशी दुपारी एका अरुंद गल्लीतून घाईने जाताना त्याच्या गवती चपलेचा बंद तुटला आणि पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला. गल्लीच्या टोकाला एक लहानसे देऊळ होते, त्याच्या यादीतही नसलेले. अंगणात एक म्हातारी भिक्षुणी पाने झाडत होती. तिने त्याला पडवीत बसवले, घोट्याला ओले फडके गुंडाळले आणि बजावले, "ऊन कलेपर्यंत इथून हलायचं नाही."

"अहो आई, आज सात देवळं राहिलीत!"

"ती तीनशे वर्षं उभी आहेत. उद्यापर्यंत पडायची नाहीत," असे म्हणून भिक्षुणीने पुन्हा झाडू उचलला.

कागद करणारा चरफडत बसला. सारी दुपार त्याने यादी मांडीवर पसरून, राहिलेली सात देवळे पुढच्या दिवसांत कशी बसवायची याचा खल केला. शेजारी बायको नुसती बसून होती. तिच्यासमोर देवळाचे कागदी सरकते दार होते. भिक्षुणीने दोन वाट्या गरम चहा आणून ठेवला, आपली वाटी तिने दोन्ही हातांत धरून सावकाश संपवली. एकदा तिने "अहो, इकडे बघा ना," असे म्हटलेही. त्याने "हं" म्हटले आणि मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून लंगडत का होईना, पण तो आणखीनच जोरात निघाला. अठरा देवळे, वीस देवळे! एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, त्यातली गत झाली. बायको आता "बसू या" म्हणेनाशी झाली. तो हाताला धरून नेईल तिकडे ती जायची.

सोळाव्या दिवशी ते सगळ्यांत मोठ्या देवळासमोर आले. सोन्याचे छप्पर उन्हात झळाळत होते आणि खाली तळ्यात तसेच दुसरे देऊळ उलटे उभे होते. कागद करणाऱ्यालाही क्षणभर यादीचा विसर पडला.

"बघ, बघ! दिसतंय ना?"

बायको हसली. "हो, छान आहे."

पण तिचे तोंड तळ्याकडे नव्हते. ती मागच्या भिंतीकडे बघून हसत होती.

कागद करणाऱ्याच्या हातातली यादी खाली पडली. "अगं... कधीपासून?"

"चार दिवस झाले. आधी धुकं होतं, मग तेही गेलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही इतक्या मायेने धावत होता. सांगवेना."

तो तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. येणारेजाणारे बघत होते, त्याची त्याला शुद्ध नव्हती. रडू ओसरल्यावर त्याने विचारले, "निदान इतके दिवस जे बघितलंस, ते तरी आठवतंय ना? कमळांचं तळं? मोठी घंटा?"

बायकोने त्याचा हात चाचपडून आपल्या हातात घेतला. "एक विचारू? ओला ताव फळीवरून सोलून काढला तर काय होतं?"

"फाटतो." हे काय विचारणे झाले, असे त्याला वाटले. पण उत्तर देता देताच त्याला सारे कळले.

"तसंच झालं हो. एक ताव वाळायच्या आत तुम्ही दुसरा लावत होता. हातात काही आलं नाही."

कागद करणाऱ्याची मान खाली गेली. तिला तीन दिवस पुरे होते. त्याने वीस मागून घेतले आणि तिच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेड रस्त्यात सांडून टाकला.

"एकच राहिलं," बायको म्हणाली. "ते चांगलं वाळलंय. तुमचा पाय मुरगळला, तिथलं देऊळ."

"ते? तिथे बघण्यासारखं काय होतं?"

"चला, दाखवते."

त्या संध्याकाळी सोळावी काडी चुलीत गेली. चार उरल्या. सतराव्या दिवशी सकाळी दोघे निघाले, पण या खेपेला वाट तिने दाखवली. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हते. ती मात्र सांगत होती, "पूल ओलांडा. आता बांबूचं कुंपण लागेल. तिसऱ्या वळणावर दगडी दिवा आहे, त्याच्या छपराचा एक कान तुटलाय. तिथून आत." आणि खरोखर कान तुटलेला दिवा तिथे होता. आंधळी पुढे आणि डोळस मागे, अशी ती दोघे त्या लहानशा देवळात पोहोचली.

भिक्षुणी पानेच झाडत होती. तिने चहाच्या दोन वाट्या आणून ठेवल्या.

"आता समोरच्या दाराकडे बघा," बायको म्हणाली. "कागद कुणाचा आहे?"

त्याने पाहिले, उठून जवळ गेला, बोट फिरवले. दाराच्या लहान लहान चौकटींत आपल्याच घरचा कागद होता. ताव फळीवर बसवताना त्याची बायको डावीकडून उजवीकडे कुंचा फिरवी, आणि त्याच्या बारीक रेघा उन्हात दिसत होत्या. त्या कागदापलीकडच्या अंगणात मेपलचे एक वाकडे झाड होते. त्याच्या फांदीची सावली कागदावर पडली होती, पानांसकट.

"दुपारी ती पहिल्या चौकटीत असते," बायको सांगत होती. "मग हळूहळू सरकते. तिसऱ्या चौकटीपाशी आली की ऊन पिवळं होतं आणि सगळा कागद पेटल्यासारखा दिसतो. त्या दिवशी मला कळलं, आपला कागद कुठं जातो ते. आता सावली कुठं आलीय, सांगाल?"

तो तिच्या शेजारी बसला. "पहिल्या चौकटीत," तो म्हणाला. "खालच्या कोपऱ्यात. एक पान हलतंय."

चार दिवस ती दोघे तिथेच बसली. तो बघत होता आणि सांगत होता, ती ऐकत होती आणि मधूनच चुका काढत होती. "छे, इतक्या लवकर दुसऱ्या चौकटीत कशी जाईल? नीट बघा." मग तो नीट बघायचा आणि तिचेच खरे निघायचे. जन्मभर कागद केला, पण कागद कसा दिसतो हे त्याने त्या चार दिवसांत पहिल्यांदा पाहिले.

विसावी काडी जळली. सकाळी वेशीवर द्वारपालाने त्यांना अडवले. जाणाऱ्यांनाही तो एक प्रश्न विचारायचा.

"किती दिवस राहिलात?"

"वीस," कागद करणारा सवयीने म्हणाला.

"साडेचार," बायको म्हणाली.

द्वारपाल उठून उभा राहिला आणि तिच्यापुढे कमरेत वाकला.

"आई," तो म्हणाला, "काड्या मी देतो, पण दिवस मला देता येत नाहीत. शंभर काड्या घेऊन येतात आणि एक दिवसही न राहता परत जातात, असे रोज बघतो. तुम्ही साडेचार दिवस राहिलात. फार राहिलात."

बर्फ पडायच्या आत दोघे घरी पोहोचली. कागद करणाऱ्याने पहिले काम केले ते घराला कागदी दार बसवण्याचे आणि दारासमोर मेपलचे रोप लावण्याचे. रोप मोठे होईपर्यंत कुंपणाच्या काठीची सावली चालवून घेतली. त्या हिवाळ्यापासून दिवसाला शंभरच ताव निघू लागले, कारण दुपार झाली की तो हात धुऊन बायकोशेजारी येऊन बसायचा.

"आता कुठं आलीय?" ती विचारायची.

"दुसऱ्या चौकटीत," तो सांगायचा, आणि सांगण्याआधी नीट बघायचा. बायकोचे डोळे त्याला परत देता आले नाहीत, ते दुःख त्याने मरेपर्यंत बाळगले. पण आपले डोळे त्याने तिला दिले.

म्हणून बाळांनो, आणि थोरांनो तुम्हीही, एवढे ध्यानात ठेवा: मुक्काम काड्यांनी मोजू नये, मन जितके थांबले, तेवढेच आपण राहिलो.