वर धरलेला हात

"पण पोटासाठी घेतलेली शपथ खरी कशी, बुवा?"

यशोधनने हे म्हाळूसमोरच विचारलं.

यंदा गावातून दोघंच सैन्यात निवडले गेले होते. मुख्याध्यापक अप्पांचा पदवीधर मुलगा यशोधन आणि मेंढरं राखणारा म्हाळू बंडगर. उद्या सकाळच्या एसटीने दोघं निघणार होते. निघण्याआधी बुवांच्या पाया पडायला आले होते.

बुवा देवळाच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. पलटणीत धर्मगुरू म्हणून चोवीस वर्षं त्यांनी नव्या जवानांना शपथ दिली होती.

"म्हाळबा, तू रे कशासाठी चाललास?"

"पगार हाय, बुवा. धाकट्या बहिनीचं नर्सिंग व्हायचंय." म्हाळू हसला. "आन् पोट काय घरी ठिवून जाऊ व्हय? ते बी भरती झालंय माझ्यासंगं!"

बुवा खळखळून हसले. यशोधनला ते हसणं झोंबलं. शपथेचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. जीव धोक्यात घालूनही आज्ञा पाळीन, असं म्हणायचं, आणि शेजारी उभा राहणाऱ्याच्या मनात भाकरी?

"आणि तू?" बुवांनी विचारलं.

"देशासाठी."

"उभा राहा. शपथेला करतात तसा उजवा हात वर कर."

यशोधन ताठ उभा राहिला.

"आता सांग. कशासाठी?"

"देशासाठी!"

बुवांनी आणखी एक शेंग फोडली. "हात असू दे वरच."

...

ऊन एक पायरी खाली उतरलं. यशोधनचा दंड भरून आला.

"कशासाठी, बाळ?"

"देशा..."

टरफलांचा ढीग वाढत राहिला.

मग यशोधनच्या तोंडून निघूनच गेलं, "घरी पाहुणे आले की अप्पा फक्त दादाची ओळख करून देतात, बुवा. हा माझा इंजिनिअर, म्हणतात. मी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभा असतो... एकदा तरी म्हणावं त्यांनी, हा माझा धाकटा."

त्याची मान खाली गेली. हातही कलला.

तोच म्हाळू उठला. खांद्यावरचं घोंगडं त्याने पायरीवर टाकलं आणि यशोधनच्या कोपराखाली आपला राठ तळवा लावला.

"टाक भार, गड्या. लाजू नगंस."

यशोधनला त्याच्याकडे बघवेना.

"बुवा," तो पुटपुटला, "मग माझीही शपथ खोटीच ना? घेऊ हात खाली?"

बुवांनी धोतरावरची टरफलं झटकली. पलटणीसमोर उभे राहायचे तसे ते उभे राहिले.

"आत्ता कुठं हात खरा वर झालाय, बाळ. म्हण शपथ."