गावित सिस्टर आणि शेठची बाटली

एका बाजारपेठेच्या गावात यमुना गावित नावाची एक नर्स होती. सगळे तिला गावित सिस्टर म्हणत. दिवसा ती एका खासगी दवाखान्यात नोकरी करायची आणि संध्याकाळी, तिथल्या डॉक्टरांना विचारूनच, घरोघर स्वतःचं काम. लिहून दिलेलं इंजेक्शन द्यायचं, जखमेची पट्टी बदलायची, अंथरुणाला खिळलेल्यांचं अंग पुसायचं. हे काम तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. त्यात तिचा जीव होता.

पण लोकांना काय म्हणावं? पट्टी होते न होते तोच कुणीतरी म्हणणार, "सिस्टर, एक सलाईन लावून जा, अशक्तपणा आलाय." डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस यायचा.

भुसार व्यापारी भिकनशेठ यांच्या आईच्या पायाला जखम होती. एक दिवस सिस्टर पट्टी करायला गेली, तर म्हातारी मलूल पडलेली आणि शेठ सलाईनची बाटली घेऊन तयार.

"लावा. नाहीतर उद्यापासून पेठेत एकही दार तुम्हाला उघडणार नाही."

शेठचा शब्द पेठेत चालायचा. एक बाटली लावली तर कोण विचारणार होतं? सिस्टरनं बाटली हातात घेतलीसुद्धा. मग म्हातारीकडे नीट पाहिलं. दोन्ही पाय सुजलेले, आडवं झालं की धाप लागत होती. तिनं बाटली खाली ठेवली.

"शेठ, हे डॉक्टरांनी बघायला हवं. आत्ताच."

शेठनी तिला घालवून दिलं आणि ओळखीच्या कंपाउंडरकडून बाटली लावून घेतली. सिस्टरनं दारातूनच डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत म्हातारीला श्वास घेता येईना. हृदय आधीच थकलेलं, त्यात सलाईनचं पाणी छातीत साठलेलं. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली.

आई घरी आली तसे शेठ हात जोडून सिस्टरकडे गेले. "चुकलं माझं. उद्यापासून तुम्हीच या. पेठेत सगळ्यांना सांगितलंय, आपल्या सिस्टर डॉक्टरच्या वरताण आहेत. आता औषधंसुद्धा तुम्हीच लिहून देत जा."

सिस्टरनं कपाळावर हात मारला.

"शेठ, मी नर्स आहे. नर्सच राहिले, म्हणून तर तुमची आई घरी आली."

तात्पर्य: लोकांनी धमकावलं तरी आणि डोक्यावर घेतलं तरी, आपल्या कामाची हद्द आपणच राखावी.